गावची बोली, ग्रंथांची अरबी आणि ताहा हुसेन

रमजानच्या रात्री इशाची नमाज झाली की मशिदीत तरावीह सुरू होते. पुढे उभा असलेला हाफिज महिनाभरात सबंध कुरआन तोंडपाठ म्हणतो आणि मागे रांगांत उभे असलेले लोक ते ऐकतात. रत्नागिरी असो, मालेगाव असो की मिरज, त्या रांगांतल्या बहुतेकांना त्या अरबीचा शब्दन् शब्द कळत नसतो. नाद मात्र लहानपणापासून कानात मुरलेला असतो. अरब देशांत अशी अडचण नसणार, तिथे भाजीवालासुद्धा याच भाषेत भाव सांगत असणार, असा पुष्कळांचा समज असतो. नोकरीसाठी कुवेत-दुबईला गेलेल्या कोकणातल्या मुलांचा हा समज पहिल्या आठवड्यातच गळून पडतो. मदरशात शिकलेल्या शुद्ध अरबीत रस्ता विचारला, तर समोरचा माणूस गालातल्या गालात हसतो. एखाद्याने एसटी स्टँडवर कीर्तनकाराच्या भाषेत गाडीची चौकशी करावी, तसे त्याला वाटते.

अरबी ही एक भाषा आहे आणि नाहीही. कुरआनची, ग्रंथांची, वर्तमानपत्रांची, रेडिओवरच्या बातम्यांची अरबी ती ‘फुसहा’. मोरोक्कोपासून इराकपर्यंत ती लिहिली जाते एकसारखी; पण ती कोणाचीही मातृभाषा नाही. आईच्या मांडीवर मूल जी शिकते ती ‘आम्मिया’, म्हणजे लोकांची बोली. ती देशागणिक, कधी कधी गावागणिक बदलते. फुसहात भाकरीला ‘खुब्झ’ म्हणतात. इजिप्तमध्ये तिलाच ‘ऐश’ म्हणतात, आणि या शब्दाचा मूळ अर्थ जगणे! हृदयाला फुसहात ‘कल्ब’. कैरोत त्यातला क गिळून ‘अल्ब’ होतो आणि दक्षिणेकडच्या खेड्यांत ‘गल्ब’. शिकलेला अरब माणूस दिवसभरात या दोन्हींमध्ये किती वेळा ये-जा करतो, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. त्यात इजिप्तसारख्या देशात तुर्कांचे राज्य होऊन गेले, फ्रेंच येऊन गेले, इंग्रज बसले होते. खोलीला तुर्की ‘ओडा’ आणि आभार मानायला फ्रेंच ‘मेर्सी’, हे तिथल्या बोलण्यात असे मिसळून गेले आहे की ते परके आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

ही ये-जा ज्या एका माणसाच्या आयुष्यात सगळ्यात स्पष्ट दिसते, तो माणूस दृष्टिहीन होता. अरबी साहित्यात ताहा हुसेन यांचे नाव न घेता विसाव्या शतकाबद्दल बोलताच येत नाही.

१८८९ साली, कैरोच्या दक्षिणेला मिन्या प्रांतात, माघाघा गावाजवळच्या एका वस्तीत त्यांचा जन्म झाला. वडील साखर कंपनीत साधे नोकर. वडिलांच्या तेरा मुलांपैकी ताहा सातवा. तीन वर्षांचा असताना त्याचे डोळे आले. खेड्यात डॉक्टर कुठला. गावच्या न्हाव्याने औषधपाणी केले आणि त्यात दृष्टी गेली. त्या काळी इजिप्तच्या खेड्यांत असे कित्येक मुलांचे होत असे. अशा मुलापुढे एकच मार्ग उरे: कुरआन पाठ करायचा आणि लोकांच्या दारी, मयतीला, सणाला तो म्हणून पोट भरायचे.

या मुलाच्या कानांवर लहानपणी दोन वेगवेगळे आवाज पडले. संध्याकाळी घराबाहेर गावकऱ्यांचा कोंडाळा जमे आणि मधोमध बसून शाहीर अबू झैद हिलालीच्या पराक्रमाची गाथा गाई. ती गाथा बोलीतली, लोकांच्या रोजच्या भाषेतली. ताहा कुंपणाला टेकून ती ऐकत उभा राही, आणि ऐन रंगात आलेल्या कथेतून बहीण त्याला उचलून घरात नेई. दिवसा असे तो मक्तबात. तिथे ‘सय्यिदना’ म्हणजे गुरुजींच्या समोर डोलत डोलत कुरआन पाठ करायचा. ती भाषा उंच आणि सुंदर होती. पण खेड्यातल्या पोराला ती कळावी अशी कोणाची अपेक्षाच नव्हती.

नऊ वर्षांचा व्हायच्या आत त्याचा कुरआन पूर्ण झाला. लोक त्याला ‘शेख’ म्हणू लागले. मग उजळणी राहून गेली. एके दिवशी वडिलांकडे मित्र आले होते. वडिलांनी कौतुकाने मुलाला ‘अश-शुअरा’ ही सूरह म्हणायला सांगितली. कुरआनच्या काही सूरहांची सुरुवात सुट्या अक्षरांनी होते. शुअरा सुरू होते ता-सीन-मीमने, पुढची ‘अन-नम्ल’ ता-सीनने, आणि त्यापुढची ‘अल-कसस’ पुन्हा ता-सीन-मीमने. हाफिजांना ठाऊक असते की असल्या ठिकाणी पाय घसरतो. मुलगा ती तीन अक्षरे म्हणत राहिला. पुढचा शब्द काही येईना. वडिलांनी नम्ल म्हणायला सांगितली, तिथेही तेच. कसस, तिथेही तेच. वडिलांनी फक्त उठून जायला सांगितले. ही शरम त्याने जन्मभर विसरली नाही आणि पुढे आपल्या आत्मकथेत लिहून ठेवली. पाठ केलेले पण न समजलेले किती कच्चे असते, याचा धडा त्याला एवढ्या लहान वयात मिळाला.

यानंतर पाळी आली व्याकरणाची. तेराव्या शतकातल्या इब्न मालिकने अरबीचे सगळे व्याकरण सुमारे हजार ओळींच्या पद्यात बांधले आहे, त्याला ‘अल्फिया’ म्हणतात. कैरोच्या अझहरला जायचे तर ती आधी पाठ हवी. विचार करा, घरी बोलीत बोलणारे पोर, जिच्यात कोणी बोलत नाही अशा भाषेचे नियम, तेही पद्यात, अर्थ न कळता घोकत होते.

१९०२ साली थोरल्या भावाचा हात धरून ताहा अझहरला गेला. मुस्लिम जगातले ते सर्वात मानाचे विद्यापीठ, हजार वर्षांची परंपरा असलेले. भाऊ आपल्या वर्गांना निघून जाई आणि हा मुलगा खोलीत तासन् तास एकटा बसून राही. अझहरमध्ये खांबाला टेकून शेख बसत, भोवती विद्यार्थी. समोरचा ग्रंथ जुन्या फुसहात, त्यावर टीका, टीकेवर टीका. आणि हे सारे समजावून सांगताना शेखांचे बोलणे मात्र बोलीत. आजही अरब देशांत हे सर्रास दिसते. खुतब्यात इमामसाहेब फुसहात बोलतात आणि एखादा मुद्दा लोकांच्या गळी उतरवायचा असला की बोलीवर येतात. यात चूक काही नाही. पण अझहरमध्ये यातून विचित्र प्रकार घडे: भाषेचे पंडित ती भाषा बोलत नसत. ताहाला खरी गोडी लावली ती शेख सय्यिद अल-मरसफी यांनी. ते जुनी कविता शिकवत. भाषा हे नियमांचे ओझे नाही, तिच्यात माणसे हसतात-रडतात, हे त्यांच्या वर्गात या मुलाला प्रथम कळले.

१९०८ साली कैरोत नवे इजिप्शियन विद्यापीठ उघडले आणि ताहा हुसेन तिकडे जाऊ लागले. तिथे एक नवल होते. ग्विदी आणि नल्लीनो यांच्यासारखे इटालियन पंडित अरबीचा इतिहास आणि साहित्य शिकवायचे, तेही अरबीत, फुसहात. अझहरचे शेख बोलीत समजावतात आणि रोमहून आलेला माणूस ग्रंथांच्या अरबीत व्याख्यान देतो! ही भाषा वापरताही येते, हे तिथे ताहा हुसेन यांनी कानांनी अनुभवले. १९१४ साली त्यांनी त्याच विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता अकराव्या शतकातला कवी अबुल अला अल-मअर्री. तोही दृष्टिहीन होता.

फ्रान्सला शिकायला पाठवावे म्हणून त्यांनी अर्ज केले. दृष्टी नसल्यामुळे आधी नकार मिळाला; पण त्यांनी पिच्छा सोडला नाही. अखेर १९१४ च्या शेवटी, पहिले महायुद्ध पेटलेले असताना, ते मोंपेलिये शहरात पोचले. आता पाया पुन्हा पहिल्यापासून घालायचा होता. फ्रेंच कामचलाऊ येत होती. त्याशिवाय लॅटिनही लागणार होते. डोळ्यांनी वाचता येत नव्हते, तेव्हा कोणीतरी वाचून दाखवायला हवे होते. हे काम सुझान ब्रेसो नावाच्या तरुणीने घेतले. मधे पैशाअभावी त्यांना काही महिने इजिप्तला परतावे लागले. पुन्हा फ्रान्सला आले ते पॅरिसला, सोर्बोन विद्यापीठात. १९१७ साली दोघांचे लग्न झाले. सुझान कॅथलिक होत्या आणि अखेरपर्यंत कॅथलिकच राहिल्या. त्यांच्या घरच्यांना सुरुवातीला हे पटले नव्हते; पण त्यांच्या एका काकांनी, जे स्वतः पाद्री होते, पाठिंबा दिला. अझहरचा शेख आणि पाद्र्याची पुतणी, हा संसार पुढे छप्पन्न वर्षे चालला.

सोर्बोनमध्ये त्यांनी इब्न खलदूनच्या समाजविचारावर फ्रेंचमध्ये प्रबंध लिहिला आणि १९१९ साली ते कैरोला परतले. आता त्यांचे आयुष्य तीन भाषांत वाटले गेले. विद्यापीठात आणि सभेत अस्सल फुसहा, व्याकरणाचा एकही प्रत्यय न चुकवणारी. गावाकडचे लोक, नोकरचाकर, बाजार यांच्यासाठी बोली. आणि घरात, पत्नीशी आणि मुलांशी, मुख्यतः फ्रेंच. अरबी गद्याचा विसाव्या शतकातला सर्वात मोठा लेखक संध्याकाळी दार लावून घेतल्यावर बहुतेक वेळ फ्रेंचमध्ये बोलत होता. विरोधकांनी यावरून टोमणे मारले. पण भाषा माणसाला माणसामुळे लागते. ज्या आवाजाने त्यांना सोफोक्लीस आणि रासीन वाचून दाखवले, त्या आवाजाशी बोलायची भाषा फ्रेंच होती. पुढे याच दोघांची नाटके त्यांनी अरबीत आणली.

१९२६ साली त्यांचे इस्लामपूर्व अरबी कवितेवरचे पुस्तक आले आणि वादळ उठले. गाभ्यातला मुद्दा भाषेचाच होता. इस्लामच्या आधी अरबस्तानात दक्षिणेची भाषा वेगळी होती आणि उत्तरेतल्या टोळ्यांच्या बोलीही वेगवेगळ्या होत्या. मग त्या काळातली म्हणून सांगितली जाणारी सगळी कविता एकाच भाषेत, जवळजवळ कुरैशांच्या अरबीत, कशी? त्यांचे उत्तर असे की त्यातली पुष्कळशी नंतर रचून जुन्यांच्या नावावर घातलेली आहे. हा तर्क वाङ्मयाच्या वर्गात चालला असता. पण त्याच पुस्तकात त्यांनी इब्राहिम आणि इस्माईल यांच्याबद्दल जे लिहिले, त्याने श्रद्धावानांची मने दुखावली, आणि त्या ओघात तेवढे लिहायची गरज होती का हा प्रश्न रास्त आहे. तक्रार सरकारी वकिलापर्यंत गेली. १९२७ साली त्यांनी चौकशी करून खटला न भरण्याचा निर्णय दिला. पुस्तक बदललेल्या रूपात, नव्या नावाने पुन्हा निघाले.

याच गदारोळात ‘अल-हिलाल’ मासिकात त्यांची आत्मकथा क्रमशः येऊ लागली. १९२९ साली तिचे पुस्तक झाले: ‘अल-अय्याम’, म्हणजे ‘दिवस’. ते त्यांनी तोंडी सांगून लिहवून घेतले. आतला मुलगा ‘मी’ नाही, ‘तो’ आहे. खेड्यातले आईवडील, मक्तबातले गुरुजी, शेजारीपाजारी, सारे त्यात येतात. पण त्यांच्या तोंडी बहुतेक फुसहाच आहे. माघाघ्याच्या बायाबापड्या अशा कधी बोलल्या नसतील. तरी वाचताना ते खोटे वाटत नाही. कारण ही फुसहा अल्फियातली नव्हे. तिची वाक्ये बोलण्याच्या ओघाने येतात, एक शब्द फिरून फिरून येतो, शाहिराची लय आणि कुरआनच्या पठणाची लय दोन्ही तिच्यात आहेत. ऐकून शिकलेल्या माणसाने बोलून लिहिलेली ती अरबी होती. आज अरब देशांत शाळकरी मुले ते पुस्तक वाचतात.

मग इतके असूनही त्यांनी बोलीला साहित्यात जागा का दिली नाही? याला इतिहास आहे. इंग्रजांच्या ताब्यातल्या इजिप्तमध्ये सरकारी शाळांत बरेच विषय इंग्रजीतून शिकवले जाऊ लागले होते; अरबीला पुन्हा जागा मिळाली ती साद झगलूल शिक्षणमंत्री झाल्यावर. १८९३ साली विल्यम विलकॉक्स या इंग्रज पाटबंधारे इंजिनिअरने कैरोत जाहीर भाषण करून फुसहा टाकून द्या, बोलीत लिहा, त्यातच तुमची प्रगती आहे, असा सल्ला दिला होता. सल्ला देणारा राज्यकर्त्यांचा माणूस, त्यामुळे बोलीची बाजू घेणे म्हणजे साहेबाची बाजू घेणे, असे समीकरण होऊन बसले. शिवाय इजिप्तची बोली लिहू लागलो तर उद्या इराकचे पुस्तक कैरोत कोण वाचणार, ही भीती खरी होती.

पण ताहा हुसेन यांचा युक्तिवाद जुन्या शेखांसारखा नव्हता. १९३८ साली इजिप्तच्या संस्कृतीच्या भवितव्यावर त्यांनी जे पुस्तक लिहिले, त्यात त्यांनी दोन्ही बाजूंना सुनावले. फुसहा ही केवळ धर्मपंडितांची मालमत्ता नाही. जो ती वापरतो त्या प्रत्येकाची ती आहे, मग तो मुसलमान असो वा कॉप्टिक ख्रिस्ती. कॉप्टिक पाद्र्यांनाही उत्तम अरबी यावी आणि चर्चमधली प्रार्थना चांगल्या अरबीत व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. अझहरचा माणूस हे म्हणतो, ही साधी गोष्ट नव्हती. दुसरीकडे त्यांनी बजावले की व्याकरण आणि लिपी सोपी केली नाही, तर फुसहा थोड्या शेखांची भाषा होऊन बसेल आणि बाकीचे लोक तिला सोडून देतील. आणि स्वतः फ्रेंचमध्ये संसार करणाऱ्या या माणसाने लिहिले की प्राथमिक शाळेत परकी भाषा नको, आधी मुलाची अरबी पक्की होऊ दे.

तरी खरी अडचण उरतेच. फुसहा शाळेत शिकावी लागते. ज्याच्या मुलाला शाळा नाही, त्याला ती नाही. म्हणजे वर्तमानपत्र नाही, कोर्टाचा कागद नाही, मशिदीत ऐकलेल्या आयतीचा अर्थही नाही. फुसहा सर्वांची म्हणायचे आणि शाळेची फी लावायची, हे जमणारे नव्हते. हे ताहा हुसेन यांना ठाऊक होते, कारण ते स्वतः त्या बिनशाळेच्या बाजूने आले होते. शिक्षण खात्याचे सल्लागार असताना १९४४ साली प्राथमिक शिक्षण मोफत झाले. १९५० साली ते वफ्द सरकारात शिक्षणमंत्री झाले आणि त्यांनी माध्यमिक शिक्षणाचीही फी रद्द केली. पैसा कुठून आणणार, शिक्षक कुठून आणणार, अशी टीका झाली, ती अगदीच निराधार नव्हती. वर्ग तुडुंब भरले. पण माघाघ्यासारख्या गावांतली मुले त्या वर्गांत बसली.

भाषा मात्र मंत्र्याचे ऐकत नाही. १९५६ साली नासर यांनी सुवेझ कालव्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली त्या भाषणात ते पुष्कळदा कैरोच्या बोलीत बोलले. फुसहात सुरुवात करायची, थट्टा किंवा राग आला की बोलीत उतरायचे, पुन्हा वर चढायचे, ही त्यांची रीतच होती, आणि लाखो लोक रेडिओला कान लावून बसत. त्याच वर्षी युसुफ इद्रीस नावाच्या तरुण डॉक्टर-लेखकाचा कथासंग्रह आला. त्याला प्रस्तावना ताहा हुसेन यांची. त्यांनी कथांचे मनापासून कौतुक केले आणि पात्रांच्या तोंडी बोली घालण्याबद्दल कान उपटले, वडीलधाऱ्याच्या मायेने. इद्रीस यांनी पात्रांना बोलीतच बोलू दिले. शाळेत फुसहा शिकून तयार झालेली पिढी आता लेखणीने गावाची बोली लिहू लागली होती. आणि नजीब महफूझ यांनी दुसरी वाट धरली: पात्रे कैरोच्या गल्लीतली, संवाद फुसहात, पण कानाला गल्लीतले वाटावेत असे. त्यांच्या कैरोच्या कादंबरीवर ताहा हुसेन खूश झाले होते.

१९६३ साली ते कैरोच्या अरबी भाषा अकादमीचे अध्यक्ष झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. १९७३ च्या रमजानमध्ये, दहाव्या रोज्याला, इजिप्त आणि इस्राएलमध्ये युद्ध सुरू झाले. रमजान संपला, ईद आली आणि ईदच्या त्या दिवसांतच, २८ ऑक्टोबरला, ताहा हुसेन वारले.

सुझान यांनी नंतर त्यांच्या आठवणी लिहिल्या. त्यांना लिहिता येत होते ते फ्रेंचमध्येच. पण लोकांच्या हाती ते पुस्तक आधी पडले ते अरबी अनुवादात, ‘मअक’ म्हणजे ‘तुझ्यासोबत’ या नावाने, फुसहात. मूळ फ्रेंच पुस्तक छापून यायला २०११ साल उजाडले.